ज्ञानदेवांचा विनय आणि आत्मप्रत्यय

शके 1212 मध्ये (इ. स. 1290) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात ज्ञानदेव स्वतःस चोचीने सागर मोजू पाहणाऱ्या टिटवीच्या पंक्तीस बसवितात; सहाव्या अध्यायात मात्र आपली मराठी अक्षरे गोडीत अमृतासही जिंकतील, असे सांगतात. पहिला उद्गार हा निव्वळ कविसंकेत होय, असे म्हणता येईल. ‘रघुवंशा’च्या आरंभी कालिदासही लहानशा तराफ्याने सागर तरू पाहतोच. परंतु कालिदासाने शंका घेतली ती स्वतःच्या बुद्धीविषयी. संस्कृतच्या सामर्थ्याविषयी प्रश्न उद्भवण्याचे त्यास कारण नव्हते. ज्ञानदेवांपुढे तो प्रश्न होता, आणि नेमके तेथेच ते निःशंक आहेत. सहाव्या अध्यायातील क्रियापद प्रथमपुरुषी व भविष्यकाळी आहे. ती प्रतिज्ञा आहे. शंका अर्थाच्या अगाधतेविषयी, विश्वास शब्दाच्या शक्तीविषयी. विषय भिन्न असल्याने विरोध उरत नाही. किंबहुना, अर्थ निसटेल या शंकेपोटीच दृष्टान्तामागून दृष्टान्त येतात, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शास्त्रीय विषयावर लिहिताना आज आपण मराठीविषयी साशंक आणि स्वतःच्या आकलनाविषयी निश्चिंत असतो. ज्ञानदेवांचा क्रम याच्या नेमका उलट आहे.