एक तोंड, अकरा पात्रं

मी आयुष्यात एकच नाटक लिहिलं. ते तीन अंकी होतं, सामाजिक होतं आणि त्यात अकरा पात्रं होती. राज्य नाट्यस्पर्धेत आमच्या मंडळींनी ते नांदेडला केलं. प्रयोगाला लातूरहून माझी आत्या मुद्दाम आली. चाकूर, अहमदपूर, लोहा असे धक्के खात एस.टी.नं आली, हे आधी सांगितलं पाहिजे. म्हणजे तिचा अभिप्राय फुकट मिळालेला नव्हता.

पडदा पडल्यावर मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. चेहऱ्यावर नाटककाराची नम्रता होती. आत्या म्हणाली, "चांगलं झालं रे. पन समदे एकाच तोंडानं बोलूलालते. त्यातला तू कोनता होतास?"

मी कुठल्याच भूमिकेत नव्हतो. मी विंगेत उभा होतो. पण आत्याला मी अकराही जागी दिसलो होतो.

या एका वाक्यात जी समीक्षा आहे, ती मला पुढं कुठल्या परीक्षकाच्या शेऱ्यात सापडली नाही. परीक्षकांनी 'संवाद प्रभावी' असं लिहिलं होतं.

त्याच सुमारास मी डॉ. लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पाहिलं. १९७९ साली सुरू झालेला हा एकपात्री प्रयोग सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मराठवाड्यातलं एक खेडं, तिथला पोरगा लंडनला, लग्न गोऱ्या मुलीशी, आणि सगळा गाव विमानात. बावन्न भूमिका, तीन तास, माणूस एक. पुढं गिनीज बुकात त्याची नोंद झाली, तेव्हा लोकांना बावन्न या आकड्याचं अप्रूप वाटलं. मला नाही वाटलं. मी बसल्या जागी हिशेब मांडला होता : त्यांचं तोंड एक आणि माणसं बावन्न, माझी माणसं अकरा आणि तोंड एक. देशपांडे विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवत. माझं ते शास्त्र चुकलं होतं कुठं?

त्याचं उत्तर मला भरतमुनींकडं नव्हे, वेताळाकडं मिळालं.

वेताळ म्हणजे विक्रमाच्या पाठीवरचा नव्हे. तो कवटीच्या अंगठीवाला, गुहेत राहणारा. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ साली निघाली आणि १९९० साली थांबली. माझं बालपण त्या दोन सालांच्या मधे आरामात मावलं. लातूरच्या स्टॅंडजवळ एक जण ती दिवसाला दहा पैसे भाड्यानं देई. एका दिवसात चार जणांनी वाचायची, असा आमचा सहकारी कारभार होता. मास्तर म्हणत, हे वाचून भाषा बिघडते. माझी बिघडली नाही, हेच दुर्दैव. थोडी बिघडली असती तर नाटक बरं झालं असतं.

वेताळाचा कर्ता ली फॉक. १९३४ साली त्यानं जादूगार मॅण्ड्रेक उभा केला आणि १९३६ साली वेताळ. हा गृहस्थ मुळात नाटकवेडा. त्यानं थिएटरं चालवली, सुमारे तीनशे नाटकांची निर्मिती केली, स्वतः दिग्दर्शन केलं. १९५३ साली खुद्द मार्लन ब्रॅण्डो त्याच्या कंपनीत शॉच्या नाटकात उभा राहिला. हे समजलं तेव्हा मला लहानपणीच्या त्या फुग्यांचा उलगडा झाला. फुगा म्हणजे पात्राच्या तोंडातून निघालेला तो पांढरा गोल. त्यात चित्रकार जागा देईल तेवढंच बोलायचं. मराठी अक्षरं तर बिचारी वेलांट्या-मात्रांसकट अंग चोरून बसलेली असत. माणूस धावतोय हे चित्रात दिसतंय ना? मग 'मी धावत आहे' हे म्हणायचं नाही. नाटकातही हाच कायदा आहे, फक्त तिथं गोल काढलेला नसतो.

मी घरी येऊन पेन्सिल घेतली आणि माझ्या संहितेतल्या प्रत्येक वाक्याभोवती गोल काढू लागलो. पहिल्या अंकात नायक मास्तर गावात परततो आणि दीड पान बोलतो. त्याभोवती गोल काढता काढता पेन्सिल टेबलावर गेली.

याचं खापर मी बरेच दिवस गावावर फोडलं. नांदेड हे नरहर कुरुंदकरांचं गाव. भाषण कसं ऐकावं हे या गावाला १९८२ पर्यंत त्यांनी शिकवलं. पण गुरुजी भाषणात नाटक आणत. आम्ही त्यांचे श्रोते नाटकात भाषण आणत होतो. यात गुरुजींचा काय दोष?

मग फुग्याचा नियम सगळीकडं लावत सुटलो आणि नांदेडच्याच दत्ता भगतांच्या 'वाटा-पळवाटा'वर आपटलो. दलित चळवळीच्या तीन पिढ्या एका घरात वाद घालतात : काका, प्राध्यापक सतीश आणि तरणाताठा अर्जुन. बोलणं भरपूर. कुठलाही चित्रकार एवढ्या फुग्यांना जागा देणार नाही. पण डाव्या बाजूची नावं हातानं झाकून वाचा. काका कोणता आणि अर्जुन कोणता, लगेच कळतं. तिघांचा राग वेगळा आहे, म्हणून वाक्यंही वेगळी आहेत. म्हणजे लांबी हा गुन्हा नव्हताच! माझी नावं झाकली तर मलासुद्धा ओळखू येत नव्हतं. पाटील, पाटलाचा गडी, तलाठी, सगळे पुण्यात शिकून आल्यासारखे.

आणि ते तसे का बोलत होते, हे मला पक्कं माहीत होतं. आमची बोली नाटकात आली की ती गड्याच्या तोंडी यायची, लोक हसायचे. मी माझ्या पात्रांची लाज झाकली, आणि झाकता झाकता त्यांची तोंडंच बांधली. देशपांड्यांनी तीच बोली विमानात बसवून लंडनला नेली. लोक हसले, पोट धरून हसले, पण हसताना प्रत्येकाला आपला एखादा काका आठवत होता. (प्रयोगात आपली माणसं जरा जास्तच भाबडी दिसतात, असं मला काही जागी वाटलं. आणि त्यांच्या मागून बोलीचं दुकान घालणारे जे नकलाकार आले, त्यांना तर फक्त हेल जमला, काका जमला नाही.)

मी नाटक पुन्हा लिहायला घेतलं. तालमीत लगेच भांडण. माझ्या लातूरच्या पात्राला म्हणायचं होतं, 'काय करूलालास?' नांदेडचा नट हट्टानं म्हणे, 'काय करायलास?' दोघंही आपापल्या आईची भाषा सोडायला तयार नाहीत. तालीम तासभर अडली. मला मात्र त्या तासात पहिल्यांदा वाटलं की आपण नाटकवाले आहोत.

त्या दिवाळीत वही घेऊन लातूरला गेलो आणि आत्याला पहिला अंक वाचून दाखवला. मास्तराचं दीड पान आता तीन ओळींवर आलं होतं. आत्या करंज्यांना मुरड घालत ऐकत होती. पाटलीणबाईच्या एका वाक्यावर तिचे हात थांबले.

"हे माझं हाय की रे," ती म्हणाली. "कवा ऐकलास?"

मी कबूल झालो. मग तिनं उरलेला अंक करंज्या बाजूला ठेवून ऐकला, आणि तिच्या मते चुकलेली नऊ वाक्यं मला बोलून दाखवली. ती मी तिथंच पेन्सिलीनं लिहून घेतली.