मत माणसाला की मालमत्तेला?

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 2008 साली प्रसिद्ध झालेला बिटकॉइनवरील नऊ पानी निबंध आपण केवळ पैशाच्या व्यवहारापुरता वाचतो. वास्तविक तो सत्तेविषयीचा निबंध आहे. बँकेसारखा मध्यस्थ नको. हिशेबाची वही अनेकांच्या संगणकांवर असावी. नवी नोंद सर्वांनी पडताळावी आणि जुनी कुणाला खोडता येऊ नये, ही त्यातील मांडणी. ज्यांच्या आज्यापणज्यांना कुळकर्ण्याचे दप्तर वाचता येत नव्हते, त्यांना या वहीचा मोह पडणारच. तो मोह मी खोटा मानत नाही.

परंतु या निबंधात मत माणसाला नाही, संगणकाच्या गणनशक्तीला आहे. एकाने अनेक नावे घेऊन मते लाटू नयेत, हे त्याचे कारण. कारण सयुक्तिक आहे. पण ज्याची यंत्रे अधिक, त्याचा शब्द अधिक, हे त्यातून अटळपणे येते. इथेरियमने 2022 मध्ये ही पद्धत सोडली. आता तेथे नोंदी प्रमाणित करणाराला किमान 32 ईथर तारण ठेवावे लागतात. यंत्र गेले, ठेव आली!

1919 च्या कायद्यानेही मताधिकार मालमत्तेशी आणि कराशी बांधला होता. 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकार मागितला, तो ही गाठ तोडण्यासाठी. जितकी टोकने तितकी मते, अशा संस्थांना नवी लोकशाही म्हणणारे विद्वान हा इतिहास विसरले, की त्यांना तो कधी ठाऊकच नव्हता?

'द डाओ' ही अशीच संस्था. संहिता हाच कायदा, ही तिची प्रतिज्ञा. जून 2016 मध्ये संहितेतील फट हेरून कुणीतरी तिचे सुमारे 36 लाख ईथर वळवले. जुलैत इथेरियमने वहीच फिरवली! त्याआधी कौल घेतला गेला, तोही ईथरच्या वजनाने. ज्यांना हे पटले नाही, त्यांनी जुनी वही 'इथेरियम क्लासिक' या नावाने चालू ठेवली.

आता आपल्या दाराशी येऊ. 2022 मध्ये गडचिरोलीतील एटापल्लीत 65 हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. बनावट दाखल्यांनी आदिवासींच्या जागा लाटल्या जातात, तेव्हा हेतूला विरोध नाही. मात्र दाखला दिल्यानंतर त्यात फेरफार झाला नाही, एवढेच ही साखळी सांगते. देणाऱ्या अधिकाऱ्याने चौकशी प्रामाणिकपणे केली की नाही, हे तिला कळत नाही. आणि पालावर जन्मलेल्या ज्या पारध्याच्या घरात 1950 पूर्वीचा एकही कागद नाही, तो दाखल्याविनाच कचेरीतून परततो. त्याच्यापर्यंत ही साखळी पोचतच नाही.