सहीचा भाव

ज्यू धर्मग्रंथांच्या लिलावांच्या याद्या चाळताना मला एक गोष्ट खटकते. आवृत्ती तीच, पानं तीच. पण आत नामवंत रब्बीची सही असली की किंमत कुठल्या कुठे जाते. गंमत म्हणजे जुन्या रिवाजाप्रमाणे मालक आधी लिहायचा की सगळं देवाचंच आहे, आणि मग आपलं नाव. स्वतःची मालकी अशी दुय्यम ठरवणाऱ्या नोंदीचाच आपण भाव करतो.

सगळ्या सह्या प्रेमाच्याही नसतात. १५५३ मध्ये रोममध्ये तालमूद जाळला गेला. त्यानंतर इटलीत सेन्सॉर हिब्रू पुस्तकांतल्या ओळींवर शाई फिरवून शेवटी सही ठोकत. दोमेनिको जेरोसोलिमितानो हा त्यांतलाच एक, धर्मांतरित ज्यू.

तरी सही फालतू, असं मी म्हणणार नाही. १९४६ मध्ये जर्मनीतल्या ऑफेनबाखला नाझींनी लुटलेली लाखो पुस्तकं आतले शिक्के आणि नावं बघून वेगळी केली गेली, परत पाठवण्यासाठी. तिथे नाव म्हणजे पत्ता होता. म्हणून संग्राहकांकडे माझी मागणी एवढीच: सही कुणाची ते सांगता, मग ते पुस्तक त्याच्या कपाटातून तुमच्यापर्यंत कसं आलं, तेही सांगा.