‘मुक्ता’चं श्रेय नेमकं कुणाला?

इथे पूर्णगडला कुणाकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेची फाईल असेल, तर ती उघडून बघा. मराठीऐवजी बहुधा चित्रविचित्र चिन्हं दिसतील. श्रीलिपी, आयएसएम अशा पॅकेजांचं एन्कोडिंग ज्याचं त्याचं होतं. पॅकेज बदलायचं, तर सगळा मजकूरच रूपांतरित करावा लागे.

मग गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचा ‘एक मुक्ता’ ओपन फॉन्ट लायसन्सखाली आला. बारीक आकारातही त्यातली जोडाक्षरं गुदमरत नाहीत, हे मला फार आवडतं. परवानाही हुशार आहे. फॉन्ट वापरा, बदला, सॉफ्टवेअरबरोबर विकाही. नुसता फॉन्ट मात्र विकायचा नाही, आणि बदललेला फॉन्ट त्याच परवान्याखाली द्यायचा. म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीने उचलला, तरी तिला कुलूप लावता येत नाही.

पण मराठी मजकूर खुल्या परवान्याने सोडवला, असं जे म्हणतात ना, ते मला पटत नाही. मायक्रोसॉफ्टचा ‘मंगल’ बघा. परवाना बंद, तरी त्यातलं पत्र ‘मुक्ता’त नीट उघडतं, कारण दोन्ही युनिकोड. परवान्याने सोडवलं ते अक्षराचं वळण. पुढच्या अक्षररचनाकाराला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तुमच्या त्या स्मरणिकेला मात्र कन्व्हर्टरच लागणार.