तगराची पांढरी : तेरच्या वस्तीविस्ताराविषयींच्या संशोधनाचें परीक्षण

तगर म्हणजे तेर, हा निर्णय आतां सर्वमान्य झाला आहे. आणि सर्वमान्य निर्णयाचें सामान्यतः जें होतें तेंच त्याचें झालें आहे. तो सिद्ध करण्यासाठीं काय काय करावें लागलें हें कोणी आठवीत नाहीं, व तो सिद्ध झाल्यावर पुढें काय करावयाचें राहिलें हेंहि कोणी विचारीत नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील हें गांव एकेकाळीं दक्षिणापथांतील मोठें व्यापारी नगर होतें, एवढें वाक्य लिहून लेखक जो रोमन वस्तूंकडे वळतो तो परत गांवांत येतच नाहीं. तें नगर कोणत्या बाजूस वाढलें, त्याच्या आंतल्या वस्त्या कोठें होत्या व बाहेरच्या कोठें, कोणती आधीं बसली व कोणती आधीं ओस पडली, या प्रश्नांचें सरळ उत्तर सव्वाशें वर्षांच्या वाङ्मयांत सांपडत नाहीं. त्या वाङ्मयाचें या एकाच दृष्टीनें परीक्षण करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आरंभ अर्थातच ‘पेरिप्लस’पासून करावा लागतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील या ग्रीक व्यापारी ग्रंथांत भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हें फार मोठें शहर असल्याचें सांगितलें आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड व तगराहून जाडेंभरडें कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि समुद्रकांठच्या मुलुखांतून तेथें आलेला इतर माल गाड्यांवर लादून भडोचला जात असे. टॉलेमीच्या भूगोलांतहि तगराचें नांव आहे. हें शहर कोणतें, यावर एकोणिसाव्या शतकांत बराच खल झाला. विल्फर्डनें देवगिरी म्हटलें, पंडित भगवानलाल इंद्रजींनीं जुन्नर म्हटलें, डॉ. रामकृष्णपंत भांडारकरांनीं धारूरचा पक्ष घेतला. अखेर १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत ‘तगर : तेर’ हा लेख लिहून वाद मिटविला.

फ्लीट यांच्या लेखाची योग्यता मोठी आहे, यांत शंका नाहीं. मात्र त्यांचें खरें बळ अंतर व दिशा यांत नाहीं, नांवांत व कोरीव लेखांत आहे, हें नमूद केलें पाहिजे. नगर शब्दाचें नयर व नयरचें नेर होऊन संगमनेर, पारनेर, अंमळनेर हीं नांवें जशीं बनलीं, त्याच रीतीनें तगरचें तेर होतें. शिलाहार राजे आपणांस तगरपुरवराधीश्वर म्हणवीत, आणि दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. ६१२ च्या ताम्रपटांतील दान घेणारा ब्राह्मण तगराचा रहिवासी आहे. दिशेचें म्हणाल, तर तेर पैठणच्या पूर्वेस नाहीं. आग्नेयेस, किंबहुना दक्षिणेकडे अधिक झुकलेलें आहे. सरळ रेषेनें अंतर सुमारें दीडशें किलोमीटर भरतें, म्हणजे बैलगाडीच्या दहा मजलांस तें जुळतें. दिशेंत ग्रंथकाराची चूक मानावी लागते. ती मानण्यास आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती त्यापुढच्या गोष्टीस. फ्लीट यांस तगर हवें होतें तें नकाशावरील ठिपक्यासाठीं, व तो मिळतांच त्यांचें काम संपलें. पुढच्या अभ्यासकांनींहि तगर हें नगर आहे हें विसरून त्यास ठिपकाच मानलें. ठिपक्याला वेस नसते, पेठ नसते, गांवाबाहेरची वस्ती नसते.

पुण्याचा अभ्यासक या बाबतींत भाग्यवान आहे. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नांवानें, नाना पेठ नाना फडणिसांच्या नांवानें. कोणत्या पेठेचा कौल कोणास दिला, शेटेपण कोणाकडे होतें, याचे कागद त्याला दप्तरांत मिळतात. कसब्याभोंवतीं शहर कसें पसरत गेलें हें तो वर्षवारीनें सांगूं शकतो. तगराचें दप्तर कागदाचें नव्हे, तें मातीचें आहे. आपल्याकडे गांवच्या जमिनीचे दोन भाग मानतात : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती, फुटकीं मडकीं यांनीं पांढरी बनते, आणि ती जेथवर पसरली तेथवर केव्हां ना केव्हां माणूस राहिला हें उघड आहे. तेरणेच्या दोन्ही कांठांस गांवाभोंवतीं जीं टेकाडें आहेत तीं अशी पांढरी होत. तगराच्या विस्ताराचा दुसरा पुरावा जवळजवळ नाहींच.

या दृष्टीनें पाहतां हेन्री कझिन्स यांचें काम फ्लीट यांच्यापेक्षां पुढचें ठरतें. पुराणवस्तु खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक वृत्तांत त्यांनीं तेरवर लिहिलें. फ्लीट यांनीं कागदावर शोधलेलें गांव त्यांनीं पायाखालीं घातलें, आणि त्रिविक्रमाच्या देवळाचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार व कमानदार छपराचा विटांचा आहे, हें मूळचें चैत्यगृह असलें पाहिजे, असें दाखवून दिलें. आंध्रांतील चेझर्ला येथील कपोतेश्वराचें मंदिर याच घडणीचें आहे. शोध मोलाचा खरा. पण कझिन्स यांची नजर इमारतीवर होती, इमारत जेथें उभी आहे त्या जागेवर नव्हती. आमच्या मतें खरा ऐतिहासिक प्रश्न तेथेंच आहे. भिक्षूंच्या वास्तु सामान्यतः नगराच्या आंत नसत. भिक्षेस जातां येईल इतक्या जवळ, पण गजबजाटाबाहेर असत. त्रिविक्रमाचें देऊळ मूळ बौद्धांचें असेल, तर तें बांधलें गेलें त्या काळीं ती जागा नगराची बाहेरची कड असली पाहिजे. आज त्याच देवळास घरांनीं वेढलें आहे. म्हणजे एका काळची कड ही दुसऱ्या काळचा मध्य झाली. नगराचें अंग सरकलें. तें देऊळ आरंभापासून वैदिक पंथाचेंच होतें असें मानणारे विद्वानहि आहेत, व त्यांचें म्हणणें खरें ठरल्यास आमचें हें अनुमान तेवढ्यापुरतें ढिलें पडेल. परंतु दोन्ही पक्षांनीं वाद घातला तो देवळाच्या धर्माविषयीं; त्याच्या जागेविषयीं कोणीं घातला नाहीं.

यानंतरचा मोठा टप्पा संग्रहाचा. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आपल्या गांवच्या मातींतून निघालेल्या हजारों वस्तु जमविल्या, आणि त्या आज त्यांच्याच नांवाच्या शासकीय संग्रहालयांत गांवींच आहेत. हा मनुष्य नसता तर त्या वस्तु परदेशांतील कपाटांत गेल्या असत्या किंवा पायांखालीं चुरल्या असत्या. त्यांचे उपकार मान्य न करणारा कृतघ्न म्हणावा लागेल. या संग्रहाच्या बळावर डग्लस बॅरेट यांनीं १९६० त ‘तेर’ ही पुस्तिका मुंबईंत प्रसिद्ध केली, आणि भाजक्या मातीच्या बाहुल्या, रोमन धर्तीचे मातीचे दिवे, पॉम्पेई येथें १९३८ त सांपडलेल्या मूर्तीशीं नातें सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ति यांची कीर्ति सर्वत्र झाली. येथपर्यंत सर्व आनंदाचें आहे. परंतु बाहुली कोणत्या शेतांत, कोणत्या टेकाडाच्या कोणत्या अंगास, किती खोल सांपडली, हें तिच्याबरोबर आलें नाहीं. पावसानें उघडी पाडलेली वस्तु पोरानें उचलली, संग्राहकानें घेतली, आणि तिचा पत्ता तेर एवढाच उरला. कलेच्या अभ्यासकास तेवढा पुरतो. वस्त्यांच्या अभ्यासकास मात्र अशी वस्तु म्हणजे तारीख व गांव फाडून टाकलेलें पत्र होय.

शिवाय या कीर्तीनें आणखी एक नुकसान केलें. तेर म्हटलें कीं रोम, हें समीकरण इतकें रूढ झालें कीं ‘पेरिप्लस’ स्वतः काय सांगतो याचाहि विसर पडला. तो तगराविषयीं बोलतो तें कापडाविषयीं. जाडेंभरडें कापड पुष्कळ, असें म्हणणारा व्यापारी कोष्ट्यांच्या व रंगाऱ्यांच्या शहराचें वर्णन करीत आहे. मागावर चढविण्यापूर्वीं ताणा पसरून त्यास खळ देण्यास लांब मोकळी जागा लागते. रंगाऱ्यास वाहतें पाणी लागतें व त्याचें सांडपाणी वस्तींत कोणी वाहूं देत नाहीं. बाहेरच्या मुलुखांतून येणाऱ्या गाड्यांस तळ लागतो, बैलांस चारा-पाणी लागतें. असें शहर वेशीच्या आंत मावणारें नव्हे. त्याचा धंदाच त्याला बाहेर, नदीच्या अंगास व मोकळ्या माळाकडे ओढणार. तगराच्या बाहेरच्या वस्त्या ह्या गरिबांची गर्दी म्हणून वाढल्या नसून त्याच त्याच्या संपत्तीचें मूळ असाव्या, असा आमचा तर्क आहे. उत्खननांत मिळालेल्या कांहीं हौदांना रंगाऱ्यांचे हौद म्हटलें गेलें आहे. त्यांच्याविषयीं एखादें वाक्य व हस्तिदंती मूर्तीविषयीं पानेंच्या पानें, हें प्रमाण उलट असावयास हवें होतें.

उत्खननांचा विचार करतां श्री. चापेकर यांस पहिला मान द्यावा लागतो. त्यांनीं १९५८ त केलेल्या उत्खननाचा वृत्तांत १९६९ त प्रसिद्ध झाला. थरावर थर मोजून, ख्रिस्तपूर्व शतकांपासून वस्ती कशी चढत गेली याचा क्रम त्यांनीं लावला; त्यापूर्वीं तेरविषयीं जें कांहीं बोललें जाई तें शैलीवरून व अंदाजावरून. पुढें राज्याच्या पुरातत्त्व खात्यानेंहि येथें अनेकदां खणलें, व विटांच्या मोठ्या स्तूपाचे अवशेष उजेडांत आणले. तरीहि आमची तक्रार राहतेच. उभा चर काळ सांगतो, विस्तार सांगत नाहीं. विहिरींत उतरून भूगर्भाचे थर मोजतां येतात, पण त्यावरून तळें केवढें होतें हें कळत नाहीं. तक्षशिलेस सर जॉन मार्शल यांनीं १९१३ पासून वीस वर्षांवर काम केलें व सिरकपचा रस्ता, गल्ल्या, घरांच्या रांगा आडव्या उघड्या केल्या. म्हणून आज त्या नगरांत चालतां येतें. तेरच्या माथ्यावर जिवंत गांव आहे, सिरकप ओसाड होतें, हा भेद आम्हांस मान्य आहे. पण गांव सर्वच टेकाडांवर नाहीं.

तगराचा ऱ्हास झाला, असें सरसकट लिहिण्याची जी चाल आहे तिच्याविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. परदेशी व्यापार आटला व शहर बुडालें, ही गोष्ट ऐकावयास सोपी आहे. पण बुडालेल्या शहरांत विटांचीं देवळें कोण बांधील? उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लांकडी द्वारशाखा पाहणाऱ्यास त्या काळच्या तेरास दरिद्री म्हणवणार नाहीं. सातव्या शतकांत ताम्रपटांतील ब्राह्मण येथचा आहे. अकराव्या शतकाच्या सुमाराच्या कनकामराच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यांत तेरापूर आहे, व त्याच्या जवळच्या डोंगरांतील लेण्यांचें वर्णन आहे. डॉ. हिरालाल जैन यांनीं १९३४ त हें काव्य कारंज्याहून प्रसिद्ध करतांना तीं लेणीं म्हणजे धाराशिवचीं, असें ठरविलें. बर्जेस यांनीं १८७८ त ज्यांचें वर्णन छापलें तींच हीं. तेरपासून नैऋत्येस सहा-सात कोसांवर असलेल्या त्या डोंगराचा पत्ता कवि देतो तो तेरापुराच्या आधारें. आज पत्ता उलटा झाला आहे : तेर कोठें, तर धाराशिवजवळ. कोणतें ठिकाण कोणाच्या बाहेर आहे, हें काळाप्रमाणें कसें बदलतें याचें याहून चांगलें उदाहरण मराठवाड्यांत क्वचित् मिळेल.

तेराव्या शतकांत नामदेव-ज्ञानदेवांच्या मेळ्यांतील गोरोबाकाका येथेंच चाक फिरवीत होते. त्यांची समाधि तेरणेच्या कांठीं आहे. यावरून तगराचा कुंभारवाडा प्रथमपासून तेथेंच होता, असें लिहिण्याचा मोह एखाद्यास होईल. तो आवरावा. बाराशें वर्षांत नदीचा कांठहि एका जागीं राहत नाहीं, मग कुंभारवाडा कोठून राहणार? मडकें कच्चें कीं पक्कें हें थापटीनें पाहणाऱ्या गोरोबाकाकांच्या गांवीं तरी कच्चीं अनुमानें भाजलेलीं म्हणून खपवूं नयेत. पाणी, चिकण माती व भट्टीचा धूर यांमुळें कुंभार सहसा कडेलाच बसतो, इतकेंच म्हणणें सुरक्षित आहे.

हा सर्व ऊहापोह केवळ विद्वानांच्या उणीवा काढण्यासाठीं केलेला नाहीं. तगराचें दप्तर रोज कमी होत आहे. पांढरीची माती काळींत टाकली कीं पीक जोमानें येतें, हें शेतकऱ्यास आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे, व महाराष्ट्रांतील जुन्या टेकाडांची माती याच कारणानें पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरभरून गेली आहे. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याला खत हवें होतें आणि आम्ही त्याला बाहुलीचेंच काय तें मोल आहे असें शिकविलें. टेकाडाची कड हीच प्रथम जाते, आणि कड म्हणजेच नगराच्या बाहेरच्या वस्त्या. मधला उंच भाग उद्यांहि खणतां येईल. कड सपाट होऊन तीवर नांगर फिरला कीं तगर कोठवर होतें हें पुन्हां सांगतां येणार नाहीं.

करण्यासारखें काम त्या मानानें साधें आहे व त्यास कुदळीची गरज नाहीं. गांवचा मोजणीचा नकाशा हातीं घेऊन, मालकाची परवानगी मागून, एकेका गटांत चालत जावें. खापर कोणत्या जातीचें, विटा आहेत कीं नाहींत, धातुमळ, शंखाचे तुकडे, मणी घडवितांना उडालेल्या कपच्या कोठें दाट व कोठें विरळ, हें त्या त्या गटाच्या नंबरावर टिपावें, आणि वस्तु शक्यतों जागच्या जागीं राहूं द्याव्या. संग्रहालयांतील वस्तूंपैकीं कांहींचें शेत अद्याप गांवांतील वृद्धांच्या आठवणींत असेल. तें त्यांच्या तोंडून विचारून नोंदवावें, आणि ती केवळ आठवण आहे असा शेरा तिच्यापुढें मारावा. सुगी आटोपून नांगरट झाल्यावर, नवा पाऊस पडण्यापूर्वीं, त्या रानांत खापर सर्वांत चांगलें दिसतें.