दोन भिंगांच्या कॅमेऱ्याला इमारत मोजता येते का?

चित्र डोळ्यांना भरीव दिसले की वस्तूचे मापही त्यात अचूक आले, असा एक समज आहे. हातात धरायच्या स्टिरिओ कॅमेऱ्याबद्दल तर तो हमखास आढळतो. एका पेटीत दोन भिंगे असतात आणि दोन्ही चित्रे एकाच क्षणी टिपली जातात. जुने वाडे, देवळे यांची नोंद करू पाहणाऱ्यांना हे साधन मोहात पाडते, कारण शिडी नको आणि टेपही नको. परंतु पाहण्यासाठी केलेली रचना मोजण्यासाठी पुरेशी असतेच असे नाही. हा फरक नीट तपासायला हवा, कारण पडलेली भिंत पुन्हा मोजता येत नाही.

छायाचित्रावरून इमारत मोजण्याची कल्पना जुनी आहे. 1858 साली आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा जर्मन वास्तुविद वेट्झलार येथील चर्चची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रावरूनच मापे काढावीत, हा विचार त्याने त्यानंतर नेटाने पुढे नेला. 1885 साली बर्लिनमध्ये या कामासाठी सरकारी संस्था निघाली. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा उभारताना तिच्या संग्रहातील छायाचित्रे उपयोगी पडली. विसाव्या शतकात झाइस कंपनीने एसएमके-40 आणि एसएमके-120 हे जोडकॅमेरे बनवले. त्यांच्या दोन भिंगांतील अंतर अनुक्रमे 40 आणि 120 सेंटिमीटर होते. हे जड यंत्र ट्रायपॉडवर ठेवूनच वापरावे लागे. एवढे लांब अंतर ठेवण्यामागे कारण होते, आणि ते साध्या भूमितीतले आहे.

दोन भिंगांतील अंतराला आधाररेषा म्हणतात. एकच खिडकी दोन चित्रांत थोडी वेगळ्या जागी दिसते. या सरकण्याला पराशय म्हणतात आणि त्यावरून खिडकीचे अंतर काढतात. वस्तू दूर गेली की पराशय कमी होतो. अंतर दुप्पट झाले तर पराशय निम्मा होतो, पण तो मोजताना होणाऱ्या तेवढ्याच चुकीमुळे अंतरातील चूक चौपट होते. आधाररेषा दुप्पट केली, तर मात्र ही चूक निम्मी होते.

आता एक खरे उदाहरण घेऊ. 2009 साली फुजीफिल्मचा फाइनपिक्स रिअल थ्रीडी डब्ल्यू-1 हा कॅमेरा आला. तो मोजणीसाठी विकला जात नव्हता, हे आधी सांगायला हवे. त्याच्या भिंगांत 7.7 सेंटिमीटर अंतर आहे, म्हणजे आपल्या डोळ्यांपेक्षा थोडेसेच जास्त. भिंगाचे सर्वांत कमी नाभीय अंतर 6.3 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 3,700 पिक्सेलएवढे भरते. 10 मीटरवरील भिंतीचा पराशय जेमतेम 29 पिक्सेल येतो. त्यात 1 पिक्सेलची चूक झाली, तर अंतर सुमारे 35 सेंटिमीटरने चुकते. 20 मीटरवर तीच चूक जवळजवळ दीड मीटर होते. आधाररेषा 120 सेंटिमीटर असती, तर 10 मीटरवर चूक 2 ते 3 सेंटिमीटरच राहिली असती.

‘खोली चुकली तरी रुंदी बरोबर येईल’ असे कोणी म्हणेल. तेही खरे नाही. रुंदी काढताना चित्रावरील मापाला याच अंतराने गुणावे लागते. अंतरात साडेतीन टक्के चूक असेल, तर 4 मीटर रुंदीचा दरवाजा 14 सेंटिमीटरने चुकतो.

दुसरा प्रश्न ताठपणाचा. दोन भिंगांमधील कोन 0.01 अंशाने बदलला, तरी या कॅमेऱ्यात पराशय अर्ध्या पिक्सेलहून जास्त सरकतो. कॅमेरा उन्हात तापला किंवा आपटला, तर एवढा बदल सहज होऊ शकतो. शिवाय झूम आणि आपोआप होणारा फोकस नाभीय अंतर बदलत राहतात. फोटोसाठी ही सोय, मोजणीसाठी अडचण. सॉफ्टवेअर पिक्सेलचा अंशही ओळखते. पण त्याला दगडाचा पोत लागतो. नुसत्या चुन्याच्या भिंतीवर जुळवायला खुणाच सापडत नाहीत.

म्हणून हे साधन टाकाऊ ठरत नाही. दोन्ही चित्रे एकदम टिपली जात असल्याने हात हलला तरी भिंगांचे परस्परांशी नाते टिकते. आधाररेषा ठाऊक असल्याने चित्रासोबत प्रमाणही मिळते. एकाच कॅमेऱ्याने फिरून काढलेल्या अनेक चित्रांवरूनही आज उत्तम प्रतिकृती बनते; मात्र तिचे प्रमाण ठरवायला निदान एक माहीत असलेली लांबी लागते. 1 मीटरवर डब्ल्यू-1ची चूक 3 ते 4 मिलिमीटर येते. कोनाडा, कोरीव खांब यांच्यासाठी ते पुरे आहे. पूर्ण दर्शनी भिंतीसाठी नाही.

तेव्हा रचनाकाराने पहिला प्रश्न विचारावा तो ‘किती दुरून आणि किती अचूक?’ हा. पेटीचा आकार त्यानंतर ठरावा. दर्शनी भिंतीसाठी मीटरभर लांबीचा ताठ दांडा, त्याच्या टोकांना न बदलणाऱ्या फोकसचे दोन कॅमेरे आणि कामाआधी व नंतर ज्ञात लांबीवर तपासणी, एवढे तरी हवेच. खिशात मावण्याचा हट्ट इथे सोडावा लागेल.

हे वर्गात पडताळता येते. मीटरपट्टी ठरावीक अंतरावर ठेवून मोबाईलने फोटो काढा आणि तिच्या पिक्सेलवरून नाभीय अंतर काढा. मग मोबाईल बाकाच्या सरळ कडेला टेकवून, दिशा न बदलता, आधी 8 आणि मग 80 सेंटिमीटर सरकवा. दोन्ही जोड्यांवरून मैदानातल्या खांबाचे अंतर काढा आणि टेपने ताडून पाहा. कोणती जोडी विश्वासाची, हे विद्यार्थी स्वतःच सांगतील.