समावेशक शिक्षण : व्याख्येचा विसरलेला अर्धा भाग

मसोलीत या विषयावर बोलायचं तर सुरुवात दिल्लीच्या कायद्यापासून करावी की कोसबाडच्या टेकडीपासून, असा प्रश्न मला पडला होता. कायद्यापासून करते, कारण आज तपासायचंय ते त्यालाच.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समावेशक शिक्षणाची व्याख्या आहे. तिचे दोन भाग पडतात. दिव्यांग आणि दिव्यांग नसलेली मुलं एकत्र शिकतील, हा पहिला. शिकवण्याची पद्धत त्यांच्या वेगवेगळ्या गरजांप्रमाणे बदललेली असेल, हा दुसरा. पहिला भाग मोजायला सोपा. पटावर नाव चढलं, रकान्यात खूण झाली, मूल ‘समाविष्ट’ झालं! दुसरा भाग बघायचा तर वर्गात जाऊन बसावं लागतं. इथे शिक्षक मंडळी बरीच आहेत, तुम्ही हे पाहिलं असेल : ऐकू न येणारं मूल शेवटच्या रांगेत बसून फळ्यावरचं सगळं हुबेहूब उतरवून घेतं. अक्षर इतकं सुंदर, की वहीवर शेरा ‘छान’. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. हे मूल आत आहे की बाहेर? माझ्या मते बाहेर. आणि ते बाहेर आहे हे कुठल्याच कागदावर दिसत नाही, म्हणून जास्तच बाहेर.

आता कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण त्या कामाचं मूळ कुठे जातं बघा. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर होत्या, दोघांनी घेतली ती माँटेसोरीबाईंची पद्धत. आणि माँटेसोरीबाईंनी ती उभी केली रोममध्ये, ज्यांना तेव्हा मतिमंद म्हणत त्या मुलांबरोबर काम करताना. त्यांच्याआधी पॅरिसमधले इतार आणि सेगँ. इतार मूकबधिरांच्या संस्थेतले डॉक्टर, तर सेगँ मतिमंद मुलांना शिकवणारे. हाताला लागणारी खरखरीत अक्षरं, ठोकळे, ज्ञानेंद्रियांचे खेळ हे सगळं तिथून आलं. म्हणजे ज्याला आपण चांगली बालवाडी म्हणतो, ती वगळलेल्या मुलांसाठी शोधलेल्या पद्धतीतून जन्मली. कोसबाडला महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, काटक्या आल्या, एवढाच फरक. आज तेच शिक्षण दिव्यांग मुलाला द्यायचं म्हटलं की आपण म्हणतो, ‘ते विशेष शाळेचं काम.’ पद्धत ठेवून घेतली आणि ज्याची होती त्यालाच दाराबाहेर उभं केलं.

आणि कुरणशाळा. वारली मुलं गुरं राखायला जात, शाळेत येईनात. मग शाळाच कुरणात गेली. याचं कौतुक खूप झालंय, आक्षेपही घेता येईल. मुलांच्या हातातली काठी तशीच राहिली ना? हो, राहिली. तरी ‘मूल का येत नाही’ या प्रश्नाचं उत्तर त्यांनी मुलात शोधलं नाही, शाळेत शोधलं, हे मला मोठं वाटतं.

इथे एक गल्लत होते. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. काही जण म्हणतात, ही कुरणशाळाच की, शाळा मुलाकडे गेली! मला हे पटत नाही. कुरणात शाळा गेली तेव्हा तिथे दहा-पंधरा पोरं होती. भांडत होती, एकमेकांचं बघून शिकत होती. घरी जातो तो एक शिक्षक, एका मुलाकडे, अधूनमधून. तिथे शाळेतली सगळ्यात मोठी गोष्ट नसते : दुसरं मूल. शिवाय कायद्यात हा पर्याय आहे. पाड्यावर जुलैत ओढा भरला, मुलाला उचलून नेणारं कोणी नाही, आई मजुरीला गेली, तर त्याला पर्याय कसं म्हणायचं? दिवाळीनंतर घरच वीटभट्टीवर गेलं, तर ‘घरी’ म्हणजे कुठे?

या तालुक्यात आणखी एक गुंता आहे. जिल्हा परिषदेची शाळा शालेय शिक्षणाकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासाकडे, विशेष शाळा दिव्यांग कल्याणाकडे. वारली आणि दिव्यांग अशा दोन्ही ओळखी असलेल्या मुलाला तीन दारं, आणि प्रत्येक दारात दुसरं दार दाखवणारं कोणीतरी. त्यात त्याची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून वेगळी. पहिलीत ते गप्प बसलं की त्याला भाषा कळली नाही, ऐकू आलं नाही, की समजायला वेळ लागतोय, हे ओळखणार कोण? ‘मठ्ठ’ या एका शब्दात तिन्ही उत्तरं आपण उरकतो.

मघाशी कुणीतरी विचारलं, की न्यायालयाने विशेष शिक्षक नेमायला सांगितलंय ना? सांगितलंय. २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे १ विशेष शिक्षक असं प्रमाण धरलं. चांगलंच आहे. पण आपल्याकडे पाडे विखुरलेले. ती १० मुलं पाच शाळांत असली, तर शिक्षक एका शाळेत आठवड्यातून जेमतेम एकदा पोचणार. उरलेले दिवस ते मूल वर्गशिक्षकाचं. आणि त्या वर्गशिक्षकाला, ऐकू न येणाऱ्या मुलाकडे पाठ करून फळ्याशी बोलायचं नसतं, एवढंसुद्धा कोणी सांगितलेलं नसतं.